घासून चकचकीत केलेलं विमान

गेल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर दुसऱ्या महायुद्धातल्या एका विमानाचा फोटो आला. पत्रा आरशासारखा, खाली ओळ, ‘आजही नव्यासारखं!’ मी तो शेजारच्या काकांना दाखवला. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपुरात असल्यामुळे विमानं हाताळलेली माणसं इथे बरीच भेटतात. काकांनी आयुष्यभर विमानाच्या पत्र्याचंच काम केलं. त्यांनी फोटो मोठा करून रिवेटांची रांग पाहिली. डोकी झिजून पत्र्याशी एक झाली होती. म्हणाले, “घासू-घासू याले खाऊनच टाकलं नं बाप्पा!”

चकाकतं ते जपलेलं, हा आपला समज. विमानाच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे, आणि त्याचं कारण मला फार आवडतं.

शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं. जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांनी 1906 साली त्यात सुमारे 4 टक्के तांबं आणि किंचित मॅग्नेशियम घातलं. तापवून पाण्यात बुडवलेला हा धातू नुसता ठेवून दिला तरी काही दिवसांत आपोआप कडक होत गेला. हेच ड्युरालुमिन. पण ज्या तांब्यामुळे बळ आलं, त्याच तांब्यामुळे दुखणंही आलं. तांबं जास्त असलेले सूक्ष्म कण आणि भोवतालचं अ‍ॅल्युमिनियम यांच्यावर खारट ओल बसली की इवली बॅटरी तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम विरघळू लागतं. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात; जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, गंजात रात्रभर खारट-आंबट राहिलं की तळाला खड्डे पडतात, तसंच काहीसं. विमानात मात्र ही झीज धातूच्या स्फटिकांच्या सीमांवरून आत शिरते आणि पत्र्याचे पापुद्रे सुटतात.

यावर 1920च्या दशकात तोड निघाली ती अल्क्लॅड. मजबूत पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमची साय. 1 मिलिमीटरच्या पत्र्यावर ती जेमतेम 0.05 मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीची. ओरखडा पडून आतला धातू उघडा झाला, तरी ही साय त्याच्याआधी स्वतः झिजते आणि त्याला वाचवते. आणि पॉलिश नेमकं हिलाच खरवडतं.

पूर्वी हा विचार कुणी करत नसे. ब्रिटिशांनी कानपूरला निकामी करून टाकलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमानं हिंदुस्तान एअरक्राफ्ट या कंपनीने पुन्हा उडती केली आणि ती 1968 पर्यंत चालली; तिथे प्रश्न फक्त उडण्याचा होता. नंतर संग्रहालयांचा जमाना आला. हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या ‘एनोला गे’ विमानाच्या डागडुजीचं काम अमेरिकेच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेने 1984 साली काढलं, पूर्ण विमान 2003 साली मांडलं, झळाळत्या पत्र्यासह. त्याच संस्थेकडे आज ‘फ्लॅक-बेट’ हे महायुद्धातलं बॉम्बफेकी विमान आहे. दोनशेहून जास्त मोहिमा केलेल्या या विमानावर गोळ्यांच्या भोकांची हजारावर ठिगळं आहेत. ती ठिगळं, तो विटका रंग, सगळं जसंच्या तसं ठेवून काम चाललं आहे. मला हीच दिशा योग्य वाटते. जुन्या विमानाची नुसती नंबराची पट्टी घेऊन तिच्याभोवती जवळजवळ सगळं विमान नव्याने बांधून ‘अस्सल’ म्हणून मिरवणं मला पटत नाही.

2013 साली इंग्लंडच्या समुद्रातून दुसऱ्या महायुद्धात पडलेलं जर्मन डॉर्नियर विमान वर काढलं. सत्तरहून जास्त वर्षं खाऱ्या पाण्यात मुरलेले क्लोराइड, म्हणजे मिठाचे अंश, काढण्यासाठी त्यावर महिनोन् महिने सायट्रिक आम्लाच्या पातळ द्रावणाचा फवारा मारला. सायट्रिक म्हणजे लिंबातलंच आम्ल. नव्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून आपण लिंबू बांधतो, त्याने पत्रा काही टिकत नाही. इथे लिंबातल्या रसायनाचा खरा उपयोग झाला.

काकांना हे सांगितल्यावर त्यांनी लगेच विचारलं, “आम्ल किती सौम्य ठेवलं होतं?” प्रश्न बरोबर होता. अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा संरक्षक थर साधारण 4 ते 8.5 पीएचमध्येच टिकतो (पीएच हे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र). त्याखाली गेलं, तर मीठ निघायच्या आधी विमानच विरघळायला लागतं.