पापुद्र्यांच्या दगडाची खाण

काळी पाटी हातात धरून मुळाक्षरं गिरवलेल्या पिढीला स्लेट हा दगड वेगळा ओळखून द्यावा लागत नाही. तिचा गारवा आणि खाली पडली की कडेचा उडणारा टवका बोटांना आठवतो. वायव्य वेल्सच्या डोंगरांतून हा दगड निघाला तो मुख्यतः छपरांसाठी. 1842च्या भीषण आगीनंतर हॅम्बुर्ग शहराची घरं वेल्सच्या स्लेटनं पुन्हा शाकारली गेली. 1898च्या सुमारास, धंदा ऐन भरात असताना, सुमारे 17 हजार माणसं वर्षाला जवळपास पाच लाख टन स्लेट काढत होती.

त्यातल्या बऱ्याच खाणी आज ओस पडल्या आहेत. ब्लायनाय फेस्टिनियोगजवळची ऱ्होसिद ही त्यांपैकी एक. डोंगराच्या पोटात सरळ रेषेत जाणारा तिचा प्रवेशबोगदा अर्ध्या किलोमीटरहून लांब आहे. पायाखाली पाणी, बाहेर कोणताही ऋतू असो आत तोच गारठा, आणि मागे वळून पाहिलं तर उजेडाचा ठिपका लहान लहान होत जातो. मग एकाएकी दोन्हीकडच्या भिंती दूर सरतात. विजेरीचा झोत वर टाकावा, तर छत सापडायला वेळ लागतो. आणि सापडतं तेव्हा ते तिरकं असतं.

हा तिरकेपणा समजला की खाण समजली. सुमारे 45 ते 48 कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता आणि तळाशी बारीक चिखल साचत होता. या कालखंडाचं ऑर्डोव्हिशियन हे नावही इथलंच, ऑर्डोव्हिसीस या प्राचीन वेल्श जमातीवरून 1879 मध्ये भूवैज्ञानिक चार्ल्स लॅपवर्थनं दिलेलं. पुढे भूखंड एकमेकांवर रेटले गेले, थरांना घड्या पडल्या आणि चिखलाचा दगड प्रचंड दाबाखाली आला. त्या दाबात अभ्रकासारख्या खनिजांचे चपटे कण दाबाच्या दिशेला काटकोनात, एकाशेजारी एक रांगेनं बसले. दगड पापुद्र्यांत सुटतो तो या रांगांमुळे. चिखल ज्या थरांत साचला, त्यांच्याशी या पापुद्र्यांचा संबंध असेलच असं नाही. भूवैज्ञानिक हेन्री क्लिफ्टन सॉर्बीनं दगडाचे पारदर्शक होतील इतके पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून 1853 मध्ये हे दाखवलं. साध्या डोळ्यांनीही याचा पुरावा दिसतो. वायव्य वेल्समधल्याच लॅनबेरिस गावाकडच्या जांभळ्या स्लेटमध्ये हिरवट ठिपके असतात. मुळात गोल असलेले हे ठिपके दाबानं चपटे, लांबट झाले आहेत. दगड किती चेपला गेला, याचं मापच जणू त्यात उमटलं आहे.

फेस्टिनियोगच्या पट्ट्यात चांगल्या स्लेटचे थर डोंगरात तिरके उतरत जातात. वरचा सगळा डोंगर उचलून टाकणं परवडणारं नव्हतं, म्हणून माणसं थराच्या मागोमाग आत गेली. एक दालन पोखरायचं, शेजारची जाड भिंत डोंगर पेलायला सोडायची, मग पुढचं दालन. अशा मजल्याखाली मजले. या भिंतींतही उत्तम स्लेटच असे, त्यामुळे त्या जाड ठेवणं मालकांच्या जिवावर येई. भिंती पुरेशा नसल्या की काय होतं, ते 1900 साली ऱ्होसिदनं पाहिलं: दालनंच्या दालनं कोसळली आणि खाणीचं कंबरडं मोडलं. ही खाण 1930 मध्ये बंद पडली. आजही छतातून दगड सुटतात, जुने लाकडी पूल कुजले आहेत, खालचे मजले पाण्यात आहेत. जाणकार वाटाड्याशिवाय इथे पाऊल टाकू नये.

काम करणारे स्वतःला 'मायनर', म्हणजे भुयारी खाणीतले कामगार, म्हणवत नसत; जमिनीखाली असले तरी ते 'क्वारीमन'च, म्हणजे उघड्या खाणीतून दगड काढणारे. मांडीला साखळीचा वेढा घालून, मेणबत्तीच्या उजेडात उभ्या कातळावर लटकत ते सुरुंगासाठी भोकं पाडत. त्या मेणबत्त्यांचे आणि सुरुंगाच्या दारूचे पैसे त्यांच्याच कमाईतून जात. दर महिन्याला मुकादमाशी दराची घासाघीस होई आणि त्यावर घर चाले.

बाहेरच्या शेडमध्ये दुसरं कसब होतं. कारागीर बसून, गुडघ्याला टेकवलेल्या लादीच्या कडेवर रुंद, पातळ छिन्नी ठेवतो, लाकडी मोगरीनं हलकेच ठोकतो आणि छिन्नी किंचित कलती करतो. लादी अलगद उकलते. मग त्या अर्ध्याचे अर्धे, पुन्हा अर्धे. दगड खाणीतला ओलावा धरून आहे तोवरच हे नीट जमतं, वाळला की तो हट्टाला पेटतो. तयार कौलांना मापाप्रमाणे 'डचेस', 'काउंटेस', 'लेडी' अशी सरदार घराण्यांतल्या स्त्रियांच्या किताबांची नावं होती. एक टन कौलांमागे दहा टन दगड वाया जाई, कधी त्याहून जास्त. गावांमागे उभे असलेले करड्या चुऱ्याचे डोंगर या टाकाऊ दगडाचेच आहेत.

यंत्रांच्या करवती आल्या आणि शेड बारीक धुळीनं भरली. स्लेटमध्ये सिलिका, म्हणजे वाळूतलं कठीण खनिज, असते. तिचे सूक्ष्म कण फुप्फुसांत रुततात, भोवती व्रण धरतात आणि श्वास कायमचा आखडतो. मालकांच्या रुग्णालयांतले डॉक्टर मात्र धूळ निरुपद्रवी असल्याचं सांगत, दोष फार वेळ उकळलेल्या चहाला देत. हे वाचताना आजही संताप येतो. धुळीनं फुप्फुसं गमावलेल्या ज्या कामगारांच्या खाणींचे मालकच उरले नव्हते, त्यांना भरपाई देणारा कायदा ब्रिटनमध्ये झाला 1979 साली. तेव्हा लॅनबेरिसची अवाढव्य डिनॉर्विक खाण बंद होऊन दहा वर्षं लोटली होती.