पार्श्वभूमी: खाडीकाठच्या पाणथळी आणि आराखड्यावरच्या हरकती

ठाणे खाडीला भरती चढली की चिखलपट्टे पाण्याखाली जातात आणि फ्लेमिंगोंना उभं राहायला उथळ जागा उरत नाही. मग थवे सीवूड्सजवळच्या एनआरआय आणि टी. एस. चाणक्य पाणथळींवर, नेरूळच्या डीपीएस तलावावर येऊन थांबतात. ६ ऑगस्ट २०१५ रोजी अधिसूचित झालेलं सुमारे १,६९० हेक्टरचं फ्लेमिंगो अभयारण्य मात्र खाडीपुरतं आहे. या पाणथळी त्याच्या हद्दीबाहेर येतात, त्यामुळे त्यांचं काय होणार हे बरंचसं शहराचा विकास आराखडा, म्हणजे कुठल्या जमिनीचा वापर कशासाठी हे दाखवणारा नकाशा, ठरवतो. म्हणूनच आराखड्यावरच्या हरकती-सूचनांचा इतिहास इथे महत्त्वाचा आहे.

हरकत घेण्याचा हक्क १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातून येतो. कलम २६ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो. बृहन्मुंबई सोडून इतर शहरांत हरकतींना सध्या ३० दिवस मिळतात. कलम २८ नुसार नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. मात्र याच्या आधीचा एक टप्पा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, तो म्हणजे कलम २५ चा विद्यमान जमीन वापर नकाशा. पाहणीत भरतीच्या पाण्याची जागा ‘मोकळी जमीन’ म्हणून नोंदली गेली, तर पुढच्या नकाशावर तिथे निवासी पट्टा सहज बसतो. हरकतींची वेळ येते तेव्हा ही नोंद होऊन गेलेली असते.

नवी मुंबईत गुंता जास्त आहे. १९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झाली आणि १९७९ साली नव्या शहराचा आराखडा मंजूर झाला. महापालिका १९९२ साली आली आणि नियोजन प्राधिकरणाचे अधिकार तिला १९९४ अखेर मिळाले, पण बरीचशी जमीन सिडकोकडेच राहिली. अधिसूचित कांदळवन, म्हणजे तिवरांचं जंगल, वन विभागाकडे. परिणामी एकाच तलावासाठी तीन दारं ठोठवावी लागतात, आणि चुकीच्या कार्यालयात दिलेल्या अर्जावर मुदतीचे दिवस निघून जातात.

खाडीकाठाला मिळालेलं बाकीचं संरक्षण लोकांच्या हरकतींपेक्षा अधिसूचनांतून आणि न्यायालयांतून आलं. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध घालणारी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड आणि त्यांच्या सभोवतालच्या ५० मीटर पट्ट्यातलं बांधकाम थांबवलं, तर २०१८ साली कांदळवनाची नासधूस हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देण्याआधीची जनसुनावणी १९९७ साली सुरू झाली खरी, पण २००६च्या अधिसूचनेने गृहबांधणी आणि टाउनशिप प्रकल्पांना तिच्यातून वगळलं. ठाण्या-नवी मुंबईत खाडीवर येणारा दाब मुख्यतः अशाच प्रकल्पांचा. त्यामुळे सामान्य नागरिकाला आधीच बोलता येईल अशी मुख्य जागा आराखड्याचीच उरते.

नवी मुंबईचा प्रारूप आराखडा २०२२ साली आला आणि ठाण्याचा सुधारित प्रारूप २०२४ साली. दोन्ही वेळी महापालिकेत निवडून आलेले नगरसेवक नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. प्रभागातला माणूस ज्याला गाठून नकाशा समजून घेतो, तो दुवाच तेव्हा नव्हता. हे नुकसान लहान नव्हतं.

हरकत बाद होते ती बहुतेक मोघमपणामुळे. ‘फ्लेमिंगो वाचवा’ एवढंच लिहिलेला कागद नकाशावर कुठेच बसत नाही. एकाच छापील मजकुराच्या हजार प्रती आल्या तरी त्यांचा मुद्दा एकच धरला जातो. सेक्टर, सर्व्हे नंबर, नकाशाचा शीट क्रमांक, प्रस्तावित वापर आणि त्याऐवजी काय हवं, हे पाच तपशील असले की समितीला मुद्दा टाळणं अवघड जातं. सोबत किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचा संबंधित भाग आणि भरती-ओहोटी दोन्ही वेळचे तारखेसह फोटो जोडावेत. नुसतं ‘तलाव’ लिहू नये. २०१७च्या पाणथळ नियमांत पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी, करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळलेले आहेत, आणि ‘हे मानवनिर्मित आहे’ हा युक्तिवाद हमखास पुढे येतो. म्हणून खाडीचं पाणी कोणत्या नाल्याने, रस्त्याखालच्या किंवा बांधाखालच्या कोणत्या मोरीतून आत येतं हे लिहावं. मोरी बुजली की काय होतं ते डीपीएस तलावावर दिसलं: भरतीचं पाणी अडलं, तलाव आटला, आणि २०२४च्या उन्हाळ्यात तिथल्या फ्लेमिंगोंच्या मृत्यूच्या बातम्या आल्या.

सुनावणीची नोटीस आली की स्वतः जावं आणि म्हणणं लेखी देऊन पोच घ्यावी. त्यानंतरही लक्ष ठेवावं लागतं. कलम ३१ खाली मंजुरी देताना शासनाला मोठे बदल करायचे असतील तर तो भाग वगळून त्यावर पुन्हा हरकती मागवणारी जाहीर सूचना निघते, आणि मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा तर कलम ३७ ची. दोन्हींना साधारण महिन्याची मुदत असते. राजपत्र आणि वर्तमानपत्रातल्या बारीक अक्षरांतल्या जाहिराती नियमित न पाहणाऱ्याला त्या कळतही नाहीत. एखाद्या जागेचा ‘ना-विकास’ पट्टा अशा सूचनेतूनही उठू शकतो.

दुसरी वाट वन्यजीव कायद्याच्या कलम ३६-अ ची आहे. २००२च्या दुरुस्तीने आलेलं हे कलम अभयारण्यालगतची सरकारी जमीन संवर्धन राखीव, म्हणजे संरक्षित क्षेत्राचा एक प्रकार, म्हणून जाहीर करू देतं, आणि त्याआधी स्थानिकांशी विचारविनिमय बंधनकारक करतं. डीपीएस तलावासाठी राज्य वन्यजीव मंडळाने २०२५ साली याच वाटेला मान्यता दिली. एनआरआय आणि चाणक्यसाठीही या कलमाखाली मागणी करता येते. ती आराखड्यावरच्या हरकतीतच, त्याच सर्व्हे नंबरांसह लिहावी आणि प्रत वन विभागाला द्यावी.