गुमास्ता पाण्यात जाण्याआधी: नागपुरात आपत्तीचं प्रशिक्षण, मदतीचा अर्ज आणि कागदपत्रं

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून मोरभवनच्या बसस्थानकापर्यंत पाणी शिरलं. तो शनिवार होता. सोमवारी माझ्या झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानासमोर रांग. एका किराणावाल्याने वर्तमानपत्राच्या घडीत दाबून आपला गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा कागद, आणला होता. लॅमिनेशन केलेला होता, तरी आत तपकिरी पाणी पसरलेलं. नीट पाहिलं तेव्हा कळलं, फाइलला लावता यावा म्हणून लॅमिनेशनच्या कडेला पंचिंग मशीनने दोन भोकं पाडली होती. पाणी तिथून शिरलं आणि नेमकं मालकाच्या नावावर जाऊन थांबलं.

त्या आठवड्यात मी जितके फॉर्म भरले त्यावरून एक गोष्ट पक्की झाली: मदत असो, विमा असो की प्रशिक्षण, तिन्हींचं काम आपत्तीच्या आधी करायचं असतं आणि आमच्याकडे लोक येतात ते नंतर. म्हणून ही माहिती कोरड्या दिवसांत वाचा.

प्रशिक्षणासाठी कोणाकडे जायचं

आधी एक गैरसमज काढतो. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरात आहे, राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालयही नागपुरातच सुरू झालं, १९५७ साली. त्यामुळे पुष्कळ जण सोसायटीचा अर्ज घेऊन थेट तिथे जायचं म्हणतात. या संस्था मुख्यतः अधिकारी, जवान आणि सरकारने नामनिर्देशित केलेल्या लोकांना शिकवतात. आपल्यासारख्यांचा रस्ता सिव्हिल लाइन्समधूनच जातो, पण दुसऱ्या दारांतून: जिल्हाधिकारी कार्यालयातला आपत्ती व्यवस्थापन कक्ष आणि महापालिकेचा अग्निशमन विभाग.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण असतं आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. जनजागृती आणि प्रशिक्षण हे या प्राधिकरणाचं कामच आहे, उपकार नाही. अर्ज करताना हे डोक्यात असलं की भाषा आपोआप ताठ राहते. पूर, वीज, उष्माघात, शोध आणि बचाव हे विषय असतील तर या कक्षाकडे जा. आग, गॅस गळती, इमारत रिकामी करणं असेल तर अग्निशमन विभागाकडे. प्रथमोपचार शिकायचा असेल तर रेडक्रॉस किंवा सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स. सेंट जॉनच्या कोर्सला फी पडते, परीक्षा होते आणि प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं.

आपदा मित्र कोण होऊ शकतो

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली ३० पूरप्रवण जिल्ह्यांत आपदा मित्र ही योजना, म्हणजे आपत्तीत मदतीला धावणारे स्वयंसेवक तयार करण्याची, प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. पुढे ती ३५० जिल्ह्यांत नेऊन १ लाख स्वयंसेवक तयार करायचं ठरलं. पात्रता फार कठीण नाही: वय १८ ते ४०, शिक्षण किमान सातवी पास, त्याच जिल्ह्याचे रहिवासी आणि शरीराने धडधाकट. प्रशिक्षण १२ दिवसांचं. त्यात दोराच्या गाठी, घरगुती साहित्यापासून तराफा, प्रथमोपचार, सीपीआर (हृदय थांबलेल्याची छाती दाबणं), पुरात अडकलेल्याला बाहेर काढणं असं हाताने करायचं शिक्षण असतं. पूर्ण केल्यावर प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि किट मिळतं. किटमध्ये लाइफ जॅकेट, हेल्मेट, टॉर्च, दोर, गमबूट वगैरे. सोबत गट विम्याचं संरक्षण.

पगार नाही. हे ठळकपणे सांगावं लागतं, कारण दर भरतीच्या हंगामात कोणीतरी "आपदा मित्राची सरकारी नोकरी" म्हणून फॉर्मचे पैसे घेतो. हा फॉर्म विकत घ्यायचा नसतो.

आता याच धर्तीवर युवा आपदा मित्र योजना आहे. ती एनसीसी, एनएसएस, नेहरू युवा केंद्र आणि भारत स्काउट्स आणि गाइड्स यांच्या स्वयंसेवकांसाठी आहे, म्हणजे कॉलेजातल्या मुलामुलींनी कलेक्टर ऑफिसात हेलपाटे न घालता आधी आपल्या एनएसएस कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारावं. बाकीच्यांनी आपत्ती व्यवस्थापन कक्षात नाव नोंदवून ठेवावं आणि पुढची तुकडी केव्हा, हे विचारावं. जाताना आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, शिक्षणाची गुणपत्रिका, रहिवासाचा पुरावा, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि चार फोटो न्या. पोहता येत असेल, वाहन परवाना असेल, रक्तगट माहीत असेल तर अर्जात लिहा. विचारलेलं नसलं तरी लिहा.

सोसायटी, मोहल्ला किंवा व्यापारी संघाने अर्ज कसा करावा

एकट्या माणसासाठी कोणी शिबिर लावत नाही. ३० ते ५० लोक जमतील अशी तयारी दाखवली की अर्ज हलतो. छापील नमुना शोधत बसू नका, साध्या कागदावर लिहा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हा मजकूर टाइप करून देतो:

"प्रति, मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, नागपूर. विषय: पूर आणि आग याबाबत प्रात्यक्षिकासह प्रशिक्षण मिळणेबाबत. महोदय, आमच्या भागात नाल्यालगत ४२ दुकाने व ६० घरे आहेत. पावसाळ्यात तळमजल्यात पाणी शिरते. उपस्थित राहणारे अंदाजे ५० जण असून त्यांत महिला व ज्येष्ठ नागरिक आहेत. जागा: समाजभवन, समोर मोकळे पटांगण. सोयीच्या तीन तारखा खालीलप्रमाणे. प्रशिक्षण मराठीत असावे ही विनंती. उपस्थितांची यादी व परिसराचा नकाशा सोबत जोडला आहे."

आकडे तुमचे टाका. तारखा तीनच द्या. एकच दिली तर ती हमखास कोणाच्या तरी दौऱ्याची निघते. पटांगणाचा उल्लेख विसरू नका, आग पेटवून विझवण्याचं प्रात्यक्षिक हॉलमध्ये होत नाही. सोबत संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि ठरावाची प्रत लावा. नोंदणी नसेल तर रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज चालतो. दोन प्रती काढा, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. त्या अर्जाची प्रत आपल्या झोन कार्यालयातही द्या. महापालिकेचे दहा झोन आहेत; सीताबर्डीचा माणूस लक्ष्मीनगरला जाऊन उभा राहतो असं होतं, तेव्हा कर भरल्याच्या पावतीवरचा झोन बघून निघा.

वेळ कोणती? पावसाच्या तोंडावर सगळेच मागतात. जानेवारी ते मार्चमध्ये अर्ज टाका. उन्हाळ्यात दुपारी पटांगणात शिबिर ठेवायची चूक आमच्या ओळखीच्या एका मंडळाने केली होती. विषय होता उष्माघात.

दुकानाला आगीचे कुठले कागद लागतात

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार कायद्याच्या कक्षेतल्या इमारतींत आगीपासून बचावाची यंत्रणा बसवण्याची आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची असते. परवानाधारक एजन्सी यंत्रणा बसवल्याचं प्रमाणपत्र "नमुना अ" मध्ये देते. ती चालू स्थितीत असल्याचं "नमुना ब" दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. तुम्ही व्यापारी संकुलात भाड्याने असाल तर घरमालकाकडे चालू सहामाहीच्या नमुना बची प्रत मागा. कपाळावर आठ्या येतील, तरी मागा. विमा कंपनी दाव्याच्या वेळी हेच विचारू शकते.

छोट्या दुकानात निदान एक एबीसी पावडरचं अग्निशामक तरी ठेवा, तेही दाराजवळ. गल्ल्यामागे पोत्यांच्या आडोशाला ठेवलेलं अग्निशामक मी इतवारीत किती ठिकाणी पाहिलंय ते सांगत नाही. त्यावरचा दाब दाखवणारा काटा हिरव्यात आहे का, हे महिन्यातून एकदा बघायचं. कढईतल्या तेलाला आग लागली तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून वर झाकण सरकवायचं. सावजी भोजनालय चालवणाऱ्यांना हे मी सांगायची गरज नाही, पण नव्या पोऱ्यांना सांगावं लागतं.

नुकसान झाल्यावर मदत कोणाला मिळते

सरकारी मदतीचे दर शासन निर्णयाने ठरतात आणि ते बदलतात, त्यामुळे चालू हंगामाचा शासन निर्णय संकेतस्थळावरून काढून वाचा. अंदाज यावा म्हणून २०२३च्या पावसाळ्यातले दर: पाणी शिरलेल्या घराला कुटुंबामागे १० हजार, दुकानाला प्रत्यक्ष नुकसानीच्या ७५ टक्के पण कमाल ५० हजार, टपरीला ७५ टक्के पण कमाल १० हजार. दुकानदारासाठी अटी अशा: स्थानिक रहिवासी, मतदार यादीत नाव, रेशन कार्ड आणि दुकान अधिकृत म्हणजे नोंदणीकृत. इथेच निम्मे लोक अडकतात. गुमास्ता वडिलांच्या नावावर, वडील वारलेले. रेशन कार्ड गावाकडचं, उमरेडचं नाहीतर काटोलचं. माल लाखाचा, पण कागदावर दुकानच नाही.

आता करून ठेवायची कामं. दहापेक्षा कमी कामगार असतील तर २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना द्यायची असते, तिची पावती हाच तुमचा गुमास्ता. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगधंद्यांची सरकारी नोंदणी, आधारवर होते, पूर्णपणे मोफत. हातगाडी किंवा टपरी असेल तर पथविक्रेता प्रमाणपत्र. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का तपासा, पैसे थेट खात्यात येतात. आणि ठोक बाजारातली बिलं! मशीनमधून निघणारी चकचकीत कागदाची बिलं पाणी न लागताही वर्षभरात कोरी होतात, त्यावरची अक्षरं उष्णतेने उमटलेली असतात. आणल्या दिवशी झेरॉक्स काढा किंवा मोबाइलवर फोटो घ्या. माझा धंदा आहे म्हणून सांगत नाही, फोटो फुकट आहे. सगळे कागद स्कॅन करून डिजिलॉकरमध्ये किंवा ई-मेलवर ठेवा. मूळ कागद भोकं न पाडता प्लास्टिकच्या पाकिटात, माळ्यावर.

पाणी ओसरलं की सगळ्यांना आधी चिखल काढायचा असतो. थांबा. मेन स्विच बंद आहे याची खात्री करा, मग पाण्याची खूण भिंतीवर दिसेल असा व्हिडिओ काढा, शटर आणि दुकानाचा फलक एकाच फ्रेममध्ये घ्या. खराब मालाचे पुंजके प्रकारानुसार मोजा, यादी लिहा. पंचनामा तलाठी आणि महापालिकेचे कर्मचारी करतात. सही करण्याआधी वाचा. "किरकोळ नुकसान" असं लिहिलं असेल तर तिथेच हरकत नोंदवा आणि पंचनाम्याचा फोटो मागा. फुगवूनही सांगू नका. मदतीसाठी जाणूनबुजून खोटा दावा केला तर २००५च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. "तलाव फुटला" अशी खोटी अफवा उठवून घबराट पसरवणाऱ्यालाही एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. ३० मे २०२४ला नागपुरात ५६ अंश तापमान झाल्याचा आकडा सगळीकडे फिरला. नंतर हवामान विभागाने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. इशारा खरा की खोटा हे सचेत अ‍ॅपवर बघा, विजेसाठी दामिनी अ‍ॅप आहे. अडचणीत ११२, आगीला १०१, अ‍ॅम्ब्युलन्सला १०८, जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७.

विमा

५० हजारांत दुकान उभं राहत नाही, म्हणून हे वाचा. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" ही ठरावीक मसुद्याची पॉलिसी आहे. एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ती घेता येते. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर यांचं संरक्षण त्यात आहे. घरासाठी "भारत गृह रक्षा". प्रस्ताव अर्जाला लागतं ते नेहमीचंच: ओळखपत्र, गुमास्ता किंवा उद्यम प्रमाणपत्र, भाडेकरार, मालाची अंदाजे किंमत. हप्ता वाचवायला माल कमी दाखवू नका. १५ टक्क्यांपर्यंतची कमी रक्कम कंपनी मनावर घेत नाही, त्यापुढे दाव्यात त्याच प्रमाणात कात्री लागते. दिवाळीआधी माल दुप्पट होतो, तेव्हा कंपनीला कळवून रक्कम वाढवून घ्या. नुकसान झालं की त्याच दिवशी कळवा आणि सर्व्हेअर (विम्यासाठी नुकसान तपासणारा) येईपर्यंत भिजलेला माल नाल्यात टाकू नका. दुर्गंधी असह्य झाली तर नमुना वेगळा ठेवून, व्हिडिओ काढून, तसं ई-मेलने कळवून मग हलवा.

पंचनाम्याच्या यादीत नाव सुटलं असेल तर तहसीलदारांच्या नावाने अर्ज द्या: नुकसानीची तारीख, पत्ता, शेजारच्या ज्या दुकानाचा पंचनामा झाला त्याचा उल्लेख, फोटो, आधार, पासबुकाचं पहिलं पान. खाली फोन नंबर लिहायला विसरू नका. २०२३च्या त्या रांगेतल्या किराणावाल्याचा अर्ज मी असाच टाइप केला. पोच घ्यायला पाठवलं तर तो साध्या अर्जावर "मिळाला" एवढी सही घेऊन आला, ना शिक्का, ना आवक क्रमांक, ना तारीख. त्याला पुन्हा परत पाठवलं.