वेगळे होऊन तगण्याचे शास्त्र

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, प्रवासी रुळांवरून चालत स्थानक गाठू लागले आणि करोनाच्या त्या दिवसांत रुग्णालयांची भिस्त जनरेटरवर आली. पुढे सायबर हल्ल्याचा संशय व्यक्त झाला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. मला मात्र त्या वादापेक्षा एक तांत्रिक प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो: अशाच प्रसंगासाठी मुंबईकडे १९८१ पासून असलेली ‘आयलंडिंग’ची व्यवस्था त्या दिवशी शहराला का वाचवू शकली नाही?

बाहेरचे ग्रिड कोसळू लागताच शहराची वीजयंत्रणा त्यापासून तोडायची आणि ट्रॉम्बे व डहाणूची औष्णिक केंद्रे, तसेच खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथील जलविद्युत केंद्रे यांच्या बळावर ती बेटासारखी स्वतंत्र चालवायची, ही आयलंडिंगची कल्पना. माणसाने विचार करून बटण दाबेपर्यंत वेळ निघून गेलेली असते, म्हणून हा निर्णय रिलेवर, म्हणजे धोका ओळखून आपोआप जोडणी तोडणाऱ्या उपकरणावर, सोपवलेला असतो. रिलेला धोक्याची वर्दी मुख्यतः वारंवारतेतून, म्हणजे विजेचा प्रवाह सेकंदाला किती आवर्तने पूर्ण करतो यातून, मिळते. आपल्या ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास राखली जाते. निर्मितीपेक्षा मागणी वाढली, की घाटाच्या चढावर सायकल मंदावावी तशी जनित्रे मंदावतात आणि हा आकडा उतरू लागतो. तो फारच उतरला, तर टर्बाइनच्या पात्यांना इजा होऊ नये म्हणून जनित्रे आपोआप बंद होतात, त्यांचा भार उरलेल्यांवर पडतो आणि पाहता पाहता सारेच संपते. म्हणून बेट टिकवायचे असेल, तर काही भागांची वीज तत्काळ आणि मुद्दाम बंद करून मागणी आतल्या निर्मितीइतकी खाली आणावी लागते. २०२० मध्ये शहराला वीज आणणाऱ्या पारेषण वाहिन्या बंद पडल्यावर मुंबई वेगळी झाली खरी, पण आतली निर्मिती उरलेल्या मागणीला पुरली नाही.

हा हिशेब आता अधिक अवघड होत आहे. औष्णिक केंद्रातले अवजड, फिरते जनित्र आपल्या जडत्वामुळे वारंवारतेची घसरण काही सेकंद रोखून धरते, आणि तेवढ्यात रिलेला काम करता येते. सौर पॅनेलची वीज ग्रिडला जुळेल अशी करून देणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये असे फिरणारे वजन नसते, त्यामुळे सौर वीज वाढेल तशी तिच्या जोडीला झटपट प्रतिसाद देणारी बॅटरी हवी.

दुसरी अडचण सबस्टेशन दुरून चालवण्याच्या सोयीतून आली आहे. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी तीन वीजवितरण कंपन्यांच्या संगणकांत शिरून दुरूनच ब्रेकर, म्हणजे वीजपुरवठा तोडणारे-जोडणारे मोठे स्विच, उघडले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज घालवली. काही तासांत ती परत आली, कारण कर्मचाऱ्यांनी सबस्टेशनवर जाऊन ब्रेकर हातांनी पुन्हा जोडले. जुनी यंत्रे आणि ती हाताळण्याची सवय, दोन्ही तिथे अजून शिल्लक होती.

मुंबईत २०२३ मध्ये ४०० किलोव्होल्टची खारघर–विक्रोळी वाहिनी सुरू झाली, आणि ती हवीच होती. पण ती बाहेरची वीज आणणारी आणखी एक वाट आहे. बेट तगते ते शहराच्या आवाक्यातल्या निर्मितीवर, त्या क्षणी कोणता भाग बंद करायचा याच्या अद्ययावत यादीवर आणि ब्रेकर हाताने चालवता येणाऱ्या माणसांवर.