जीएल-५ हा जीएल-४ चा मोठा भाऊ नाही

ट्रकच्या गिअरबॉक्सचं तेल बदलायची वेळ आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "चार कशाला, पाचच टाका, पाच भारी असतं." ऐकणाऱ्याला पटतंही, कारण आकडा मोठा म्हणजे माल चांगला असंच आपण धरून चालतो. गिअर ऑइलच्या डब्यावर जीएल (गिअर लुब्रिकंट) पुढे छापलेला हा आकडा म्हणजे इयत्ता नाहीये, तेल कुठल्या कामाचं आहे ते तो सांगतो. जीएल-५ हायपॉइड गिअरसाठी, म्हणजे मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियनसाठी (मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर), आणि जीएल-४ मुख्यतः सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणारी रचना, असलेल्या मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी.

डिफरन्शियलमधला पिनियन क्राउनच्या मध्यरेषेवर नसतो, जरा बाजूला सरकवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत तर लांबीच्या दिशेनं घासत सरकतात, तेही प्रचंड दाबाखाली. एवढ्या दाबात तेलाचा थर फाटतो आणि धातूला धातू लागतो. म्हणून तेलात गंधक-फॉस्फरसची संयुगं घालतात, त्यांना ईपी (एक्स्ट्रीम प्रेशर) ॲडिटिव्ह म्हणतात. दात जिथे घासतो तिथे क्षणभर जी उष्णता तयार होते तिच्यामुळे ही संयुगं लोखंडाशी अभिक्रिया करतात आणि एक पातळ थर बनवतात, मग झिजतो तो थर, दात वाचतो. जीएल-५ मध्ये ही ॲडिटिव्ह जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. डिफरन्शियलला हेच हवं असतं.

गिअरबॉक्सचं गणित वेगळं आहे, आणि माझा जीव अडकलाय तो इथेच. सिंक्रोनायझरची रिंग एकदा हातात घेऊन बघा. आतून शंकूसारखा उतार, त्यावर अगदी बारीक चऱ्या, आणि बाहेरच्या कडेला टोकदार दात. ही रिंग गिअरच्या शंकूवर नुसती दाबून फिरवलीत तरी ती पकडून धरते, सोडवायला मनगट पिरगाळावं लागतं.

आता गिअर बदलताना काय होतं बघा. समजा मेनशाफ्ट, म्हणजे चाकांकडे जोर नेणारा दांडा, आणि तिच्यावर सरकून गिअरला जोडणारी स्लीव्ह, मिनिटाला १५०० फेऱ्या फिरतेय आणि वरचा गिअर २१०० फेऱ्या. दोघांचे दात असेच एकमेकांत घुसवले तर खर्रर्र होणारच. म्हणून स्लीव्ह आधी रिंगला शंकूवर दाबते, रिंगच्या चऱ्या मधलं तेल कापून बाहेर काढतात, तेल गेलं की घर्षण वाढतं, आणि गिअरचा वेग १५०० कडे उतरायला लागतो. पण खरी कमाल पुढे आहे. त्याच घर्षणाच्या ओढीनं रिंग किंचित फिरते आणि तिचे टोकदार दात स्लीव्हच्या वाटेत आडवे येतात. वेगात फरक आहे तोवर ओढ आहे, ओढ आहे तोवर वाट बंद, ड्रायव्हरनं कितीही जोर लावला तरी. ज्या क्षणी दोन्ही वेग सारखे होतात त्या क्षणी ओढ संपते, स्लीव्हचे दात रिंगला हलकेच बाजूला सारतात आणि गिअर पडतो. ना सेन्सर, ना वायर, वेग जुळलाय की नाही हे घर्षण स्वतःच मोजतं आणि दारही तेच उघडतं! आणि हे सगळं जेमतेम अर्ध्या सेकंदात.

म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलाकडे दोन उलट मागण्या आहेत, दातांवर टिकून राहा आणि शंकूवरून पटकन बाजूला हो. डिफरन्शियलसाठी बनवलेलं तेल शंकूवरही निसरडा थर धरून बसू शकतं, मग ओढ कमी पडते, रिंग वाट अडवू शकत नाही, स्लीव्ह वेळेआधी घुसते आणि दात दातावर आपटतात. म्हणूनच "घर्षण शून्य करतो" अशी जाहिरात करणारी ॲडिटिव्हची बाटली सिंक्रोवाल्या गिअरबॉक्समध्ये ओतू नका, इथे घर्षण शून्य झालं तर वेग जुळणारच नाहीत आणि दात आपटत राहतील. दोन बोटांत तेल चोळून "हे चांगलं" असं सांगणाऱ्यांवरही विसंबू नका, बोटांना १०० अंशावरचं तेल कळत नाही आणि त्यातलं गंधक तर नाहीच नाही.

"जीएल-५ पितळ खातं" हेही खूप ऐकू येतं. यात तथ्य आहे, चांदी काळी पडते ती गंधकामुळेच आणि तांब्याचंही गंधकाशी असंच जमतं, म्हणून तेल गरम असताना पितळी रिंगवर परिणाम होऊ शकतो. पण आता बऱ्याच तेलांतली गंधकाची संयुगं पूर्वीपेक्षा सौम्य असतात, गरम तेलात तांब्याची पट्टी बुडवून चाचणीही घेतात, आणि अनेक ट्रकमध्ये रिंगवर मॉलिब्डेनम किंवा कार्बनचं अस्तर असतं. पितळेची भीती कमी झाली तरी घर्षणाचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

राहिला घट्टपणा, म्हणजे डब्यावरचा ९०, ४० असा एसएईचा आकडा. गिअर ऑइलचं ९० हे इंजिन ऑइलच्या ४० च्या दुप्पट घट्ट नसतं, दोन्हीच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. १०० अंशाला गिअरचं ९० असतं १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक) आणि इंजिनचं ४० असतं १२.५ ते १६.३, म्हणजे जवळजवळ शेजारी. तेल जास्त घट्ट घेतलंत तर वरचा गिअर टाकताना ते मदतच करतं, कारण तिथे गिअरचा वेग कमी व्हायचा असतो आणि घट्ट तेल त्याला अडवतं. खालचा गिअर टाकताना उलटं, वेग वाढवायचा असतो आणि तेल मागे खेचतं, सगळा भार रिंगवर. थंडीत सकाळी सेकंडला येताना दांडा अडतो त्याचं एक कारण हेच.

काही जड ट्रकच्या गिअरबॉक्सला सिंक्रो नसतोच, ड्रायव्हर डबल क्लच मारून, म्हणजे मध्ये न्यूट्रलला येऊन क्लच दोनदा दाबून, वेग जुळवतो. तिथे शंकूच नाही, म्हणून एमटी-१ (सिंक्रो नसलेल्या गिअरबॉक्सच्या तेलाची श्रेणी) किंवा थेट एसएई ५० असं वेगळंच तेल सांगितलेलं असतं. त्यामुळे ट्रकच्या मॅन्युअलमध्ये जी ग्रेड छापलीय तीच घ्या, आणि डब्यावर गिअरबॉक्स बनवणाऱ्याची मान्यता लिहिलीय का तेही बघा.

तेल काढताना गाडी थोडी चालवून गरम करा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा दिसला तर घाबरू नका, ती रोजची झीज आहे, टोचणारे तुकडे निघाले तर मात्र गिअरबॉक्स उघडावा लागेल. आणि ड्रेन प्लगच्या आधी वरचा फिल प्लग सैल करून बघा, तो जाम निघाला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागेल.