आपल्या माणसाची माफी

२०१८ च्या मे महिन्यातले शेवटचे तीन दिवस अमेरिकी टीव्हीवाल्यांना चांगलेच महागात पडले. २९ तारखेला विनोदी अभिनेत्री रोझॅन बार यांनी ओबामांच्या माजी सल्लागार व्हॅलरी जॅरेट यांच्याबद्दल उघडउघड वंशद्वेषी ट्वीट केलं. गदारोळ झाल्यावर त्यांनी ते काढून टाकलं, माफीही मागितली, पण एबीसी वाहिनीनं त्याच दिवशी त्यांची मालिका बंद करून टाकली. मालिका साधीसुधी नव्हती. वीसेक वर्षांच्या खंडानंतर मार्चमध्ये ती परत आली, तेव्हा पहिल्याच रात्री १ कोटी ८० लाखांहून जास्त लोकांनी पाहिली होती आणि ट्रम्प यांनी स्वतः फोन करून बार यांचं अभिनंदन केलं होतं. दुसऱ्याच दिवशी, ३० मे रोजी, समँथा बी या ट्रम्पविरोधी विनोदकार बाईंनी आपल्या कार्यक्रमात ट्रम्प यांच्या कन्या इव्हान्का यांना अशी शिवी हासडली की ती इथे छापायची सोय नाही. ३१ तारखेला त्यांनीही माफी मागितली. टीबीएस वाहिनीनं चूक आपलीही आहे असं सांगून विषय आवरता घेतला. काही जाहिरातदार गळाले, कार्यक्रम मात्र २०२२ पर्यंत चालला.

बी बाईंना अजून काढलं कसं नाही, असा सवाल खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ट्विटरवर केला. ट्रम्पविरोधकांनी बार यांच्या माफीला नाटक ठरवलं, ट्रम्पसमर्थकांनी बी यांच्या.

हे दोन्ही गुन्हे एकाच तागडीत घालावेत असं मला वाटत नाही. कुणाच्या वंशावर घसरणं आणि शिवी देणं यांत फरक आहे. पण तो फरक शांतपणे मांडणाऱ्यांचा आवाज त्या आठवड्यात गोंगाटात बुडून गेला. ऐकू येत होतं ते एवढंच : आमच्या बाईंची जीभ जरा घसरली, माफी मागितली ना, मग संपलं, तुमच्या बाईंचा खरा चेहरा दिसला, आता माफी कसली मागता! ‘आपला तो बाब्या’ म्हणून आपण असल्या गोष्टी सोडून देतो. मानसशास्त्रज्ञांनी मात्र या बाब्याला सत्तर वर्षं प्रयोगशाळेत बसवून ठेवलंय.

सुरुवात अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर झाली. नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या कॉलेजांमधला सामना भलताच आडदांड झाला. प्रिन्स्टनच्या लाडक्या खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय. पुढे अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल यांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सामन्याची फिल्म दाखवून नियमभंग मोजायला सांगितलं. डार्टमथच्या पोरांना आपल्या संघाचे सरासरी ४.३ नियमभंग दिसले. प्रिन्स्टनच्या पोरांना त्याच डार्टमथचे दिसले ९.८. फिल्म एकच, आणि खोटं बोलून कुणाच्या खिशात काही पडणार नव्हतं.

इथे निदान कॉलेजचा अभिमान तरी होता. तोही काढून टाकला तर? बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या पिएरकार्लो वाल्देसोलो आणि डेव्हिड डीस्टेनो यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच प्रश्नाचा आहे, आणि मला तो या सगळ्या संशोधनातला सर्वांत चतुर वाटतो. प्रयोगाला आलेल्या माणसासमोर दोन कामं ठेवली जात : एक छोटं आणि गमतीचं, दुसरं लांबलचक आणि किचकट. एक त्यानं करायचं, दुसरं मागाहून येणाऱ्याच्या गळ्यात पडणार. वाटणी स्वतः करा, नाहीतर संगणकाला चिठ्ठी टाकू द्या. बहुतेकांनी बिनदिक्कत सोपं काम स्वतःकडे घेतलं. तुम्ही कितपत न्यायानं वागलात, असं विचारल्यावर स्वतःला बरे गुणही दिले. काही जणांना मात्र दुसऱ्या कुणाला हेच करताना फक्त पाहायला लावलं होतं. त्यांनी त्या माणसाला बरेच कमी गुण दिले.

मग खरी गंमत केली. एका नाममात्र चाचणीचं निमित्त करून लोकांना दोन गटांत टाकलं आणि ओळखीसाठी मनगटावर रंगीत पट्ट्या बांधल्या. गटाला ना इतिहास, ना झेंडा, ना निवडणूक. तरीही आपल्या रंगाची पट्टी असलेल्या लबाडाला लोकांनी अगदी स्वतःला देतात तेवढेच गुण दिले. दुसऱ्या रंगाच्या लबाडाला ती सवलत मिळाली नाही.

वर्षभरानं त्याच दोघांनी आणखी एक खोडी काढली. या वेळी पट्ट्या नव्हत्या, फक्त ‘मी’ आणि ‘तो’ होते. निम्म्या लोकांना गुण देत असतानाच आकड्यांची रांग लक्षात ठेवायला सांगितली. डोकं असं गुंतवून ठेवल्यावर स्वतःसाठी राखून ठेवलेली सवलत नाहीशी झाली. आकडे घोकणाऱ्यांनी स्वतःलाही तेवढंच कठोरपणे जोखलं जेवढं परक्याला. हाच खेळ पट्ट्या बांधून केला तर काय होईल, हे या प्रयोगावरून थेट सांगता येत नाही. पण दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. पक्षपात हा विचार न करता झालेला घोटाळा आहे, थोडं डोकं चालवलं की तो जाईल, असं आपण धरून चालतो. इथे उलटं दिसतंय. ‘हे बरोबर नाही’ ही पहिली चुटपुट सगळ्यांना सारखीच लागते. सारवासारव नंतर येते आणि तिला डोकं रिकामं लागतं.

आता माफीकडे. ओहायो स्टेट विद्यापीठातले रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीचे सहा भाग सुटे करून तपासले : खेद, काय चुकलं त्याचा खुलासा, जबाबदारीची कबुली, पुन्हा न करण्याची हमी, नुकसानभरपाईची तयारी आणि क्षमेची याचना. सर्वांत वजनदार ठरली जबाबदारीची कबुली, तिच्या मागोमाग भरपाईची तयारी. ‘मला क्षमा करा’ सर्वांत हलकं निघालं. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो’ हे आपल्याकडचं छापील वाक्य या मापानं पाहावं : खेद आहे, तोही ‘तर’ला टांगलेला, बाकी पाचही रकाने कोरे.

बार यांच्या माफीत चूक कबूल होती आणि क्षमायाचनाही होती. पण मग त्यांनी झोपेच्या गोळीकडे बोट दाखवलं आणि कबुलीची हवा निघून गेली. (गोळी बनवणाऱ्या सनोफी कंपनीनं दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की आमच्या कुठल्याही औषधाचा वंशद्वेष हा ज्ञात दुष्परिणाम नाही.) बी यांनी मर्यादा ओलांडली हे सरळ मान्य केलं. कागदावर त्यांची माफी जास्त गुणांची. ट्रम्प यांच्या समर्थकांवर तिचा काही परिणाम दिसला का? मला तरी दिसला नाही.

लेविकींच्या प्रयोगातला प्रसंग साधा होता, नोकरीच्या मुलाखतीचा. ऐकणाऱ्याचा जीव त्यात गुंतलेला नव्हता. माणूस राजकारणानं रंगलेला असला की गणित फिरतं. लॅरी समर्स हार्वर्डचे अध्यक्ष असताना, जानेवारी २००५ मध्ये, विज्ञानातल्या वरच्या जागांवर स्त्रिया कमी असण्याचं एक कारण उपजत क्षमतेतला फरक असू शकेल, असं बोलले आणि वादळ उठलं. राज्यशास्त्राचे अभ्यासक रिचर्ड हनानिया यांनी पुढे या प्रकरणाच्या दोन आवृत्त्या लोकांना वाचायला दिल्या. एकीत समर्स माफी मागतात, दुसरीत आपल्या म्हणण्यावर ठाम राहतात. माफी वाचलेल्या उदारमतवादी वाचकांनी आणि स्त्रियांनी, म्हणजे जे दुखावले जाण्याची शक्यता जास्त त्यांनीच, समर्स यांना शिक्षा व्हायला हवी होती असं जास्त प्रमाणात म्हटलं. सिनेटर रँड पॉल यांच्या नागरी हक्कांविषयीच्या विधानांवर असाच प्रयोग केला, तर माफीनं मतं इकडची तिकडे हललीच नाहीत. दोन प्रकरणांवरून नियम बांधू नये, आणि माफी मागूच नये असा अर्थ तर मुळीच काढू नये. माझा अंदाज एवढाच की विरोधक माफीकडे कबुलीजबाब म्हणून पाहतात आणि समर्थकांना ती शरणागती वाटते.

डिक्सी चिक्स या कंट्री संगीतातल्या गायिकांचा माफी मागूनही मार चुकला नाही. १० मार्च २००३ रोजी, इराक युद्धाच्या तोंडावर, नॅटली मेन्स लंडनच्या मंचावरून म्हणाल्या की बुश आमच्या टेक्ससचे आहेत याची लाज वाटते. दोन दिवसांत त्यांनी माफी मागितली. तरी रेडिओ स्टेशनांनी गाणी वाजवणं थांबवलं आणि सीडी रस्त्यावर चिरडल्या गेल्या. २००६ मध्ये मेन्स यांनी ती माफी चक्क परत घेतली. २००७ च्या ग्रॅमी सोहळ्यात या गटाला पाच पुरस्कार मिळाले. तोवर युद्धाबद्दल देशाचं मत बदललं होतं, हेही खरं.

वेळ आली तर माणसं नियमसुद्धा बदलतात. खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला नेता सार्वजनिक काम नीतीनं करू शकतो का, असा प्रश्न अमेरिकेतली पीआरआरआय ही जनमत पाहणी करणारी संस्था विचारत असे. २०११ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकल (कट्टर प्रोटेस्टंट, बहुतेक रिपब्लिकन) ख्रिश्चनांपैकी ३० टक्के ‘हो’ म्हणाले. २०१६ मध्ये, ट्रम्प उमेदवार असताना, ७२ टक्के.

पण बाब्याला नेहमीच सूट मिळते असं नाही. जोझे मार्केस आणि त्यांच्या बेल्जियममधल्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं की गटाची अब्रू घालवणाऱ्या आपल्याच माणसाला लोक कधीकधी परक्याहून जास्त झोडपतात. विनोदी नट म्हणून नावारूपाला आलेले डेमोक्रॅटिक सेनेटर अल फ्रँकन यांच्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये स्त्रियांशी गैरवर्तनाचे आरोप झाले. त्यांनी माफी मागितली, आपलीच चौकशी करा असंही सांगितलं. तेव्हा अलाबामातल्या सेनेट निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार रॉय मूर यांच्यावरच्या लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांवरून डेमोक्रॅट रान उठवत होते. फ्रँकन यांना पाठीशी घातलं असतं तर बोलायला तोंड उरलं नसतं. पक्षातल्याच सेनेटरांनी राजीनाम्याचा रेटा लावला आणि ७ डिसेंबरला फ्रँकन यांनी पद सोडण्याची घोषणा केली. चौकशी राहूनच गेली. २०१९ मध्ये यांतल्या सात आजी-माजी सेनेटरांनी, आपण घाई केली, चुकलंच, असं एका पत्रकाराला सांगितलं. चौकशीविना शिक्षा झाली ही बोच त्यांना उशिरा लागली, की मूर हरल्यानंतर आपल्या माणसाबद्दल हळहळायला मोकळीक मिळाली, हे त्यांचं त्यांनाही नक्की सांगता येईल का, याची मला शंकाच आहे.