प्लेटमागचे विज्ञान : नव्या घराचे स्विच निवडताना

नव्या घरासाठी स्विच निवडताना बहुतेक कुटुंबे दुकानातल्या मांडणीसमोर उभी राहून प्लेटचा रंग आणि बटणाचा स्पर्श पाहतात. प्लेट पुढे केव्हाही बदलता येते. मात्र बटणाच्या आत चांदीच्या मिश्रधातूच्या दोन टिकल्या एकमेकींपासून किती झटक्यात सुटतात आणि मागच्या स्क्रूखाली वायर किती घट्ट बसते, यावर त्या घराची सुरक्षितता अनेक वर्षे अवलंबून राहते. म्हणून स्विच हातात घेतल्यावर तो आधी उलटा करून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

कोरड्या हवेत १ मिलिमीटर अंतर ओलांडून ठिणगी पडायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. आपल्या घरातला पुरवठा २३० व्होल्टचा असतो आणि त्याचे शिखरमूल्यही ३२५ व्होल्टच्या आसपासच असते. तरीही अंधारात पंख्याचे बटण बंद करताना फटीतून निळसर चमक दिसते. याचे कारण टिकल्यांच्या सुटण्यात आहे. त्या दूर होऊ लागतात तेव्हा शेवटचा स्पर्श एखाद्या सूक्ष्म टोकापुरता उरतो, सगळा प्रवाह त्याच टोकातून जाऊ लागतो, ते वितळते, वितळलेल्या धातूचा पूल ताणला जाऊन तुटतो आणि त्या धातूच्या वाफेतून प्रवाह वाहतच राहतो. हा आर्क, म्हणजे वाफेतून वाहणाऱ्या प्रवाहाची ठिणगी, काही हजार अंश सेल्सिअस तापमानाचा असतो आणि दर वेळी तो टिकलीचा अतिसूक्ष्म भाग खाऊन टाकतो. पंख्याच्या मोटरीची गुंडाळी आपल्या चुंबकीय क्षेत्रात साठलेल्या ऊर्जेमुळे प्रवाह एकाएकी थांबू देत नाही, त्यामुळे तिथली ठिणगी अधिक ठळक असते.

हा आर्क विझतो कसा? आपला पुरवठा ५० हर्ट्झचा आहे, म्हणजे प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि दर १० मिलिसेकंदांनी आर्कला विझण्याची संधी मिळते. त्या क्षणी टिकल्यांमध्ये पुरेसे अंतर पडलेले असेल तर तो पुन्हा पेटत नाही. हे अंतर बोटाच्या वेगावर सोडून चालत नाही. न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ मध्ये स्प्रिंगच्या जोरावर झटक्यात उघडणारा स्विच तयार केला तो याच कारणाने, आणि आजच्या बटणाचा ‘टक्’ आवाजही त्याच तत्त्वाचा आहे. दुकानात बटण मुद्दाम अगदी हळू दाबून पाहावे. चांगले बटण एका टप्प्यानंतर आपोआप उडी मारते, आणि जे मधल्या स्थितीत तरंगत राहते ते कितीही देखणे असले तरी घेऊ नये. डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, प्रवाह मात्र शून्यावर येतच नाही. त्यामुळे छतावरच्या सौर पॅनलकडून येणाऱ्या डीसी वायरवर घरातला साधा स्विच कधीही वापरू नये. तिथे डीसीसाठीच बनवलेला आयसोलेटर, म्हणजे पुरवठा तोडणारा खास स्विच, लागतो.

एलईडी दिवे आल्यापासून स्विचवरचा ताण कमी झाला, अशी समजूत आहे आणि ती अर्धीच खरी आहे. ९ वॅटचा दिवा चालू असताना अँपिअरचा दहावा भागही घेत नाही. पण त्याच्या आत असलेले कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) बटण दाबताक्षणी रिकामे असते आणि ते भरताना, सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरता का होईना, नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढला जातो. त्याच क्षणी टिकल्याही एकमेकींवर आपटून काही वेळा उसळत असतात. फॉल्स सीलिंगमधले दहा-बारा दिवे एकाच बटणावर असतील तर हे सगळे धक्के एकत्र येतात आणि कालांतराने टिकल्या चिकटून बसू शकतात. अशा ठिकाणी दिवे दोन-तीन बटणांत विभागावेत आणि ‘एएक्स’ अशी खूण असलेला स्विच घ्यावा, कारण ही खूण ट्यूबलाइटसारख्या कपॅसिटर असलेल्या भारासाठीची चाचणी दर्शवते. स्विचवर आयएसआय चिन्हासोबत आयएस ३८५४ आणि वायरवर आयएस ६९४ हे मानकांचे क्रमांक आहेत का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

घरातल्या विजेच्या आगी म्हटल्या की शॉर्टसर्किट आठवते, पण सैल जोडाकडे लक्ष द्यायला हवे. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो. स्क्रू नीट न आवळल्यामुळे जोडाचा रोध जेमतेम ०.१ ओहम इतका वाढला, तर प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून तिथे जवळपास १७ वॅट उष्णता निर्माण होते. सोल्डरिंगची बारीक इस्त्री २५ वॅटची असते, हे लक्षात घेतले म्हणजे स्क्रूएवढ्या जागेत १७ वॅटचा अर्थ कळतो. एमसीबीला, म्हणजे प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की सर्किट तोडणाऱ्या यंत्राला, यातले काहीच कळत नाही, कारण प्रवाह अजूनही १३ अँपिअरच असतो. तापल्यावर तांबे आणि पितळ प्रसरण पावतात, गार झाल्यावर आकसतात, जोड आणखी सैल होतो आणि रोध आणखी वाढतो. कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत तांब्यावर हिरवट थर चढून हेच अधिक लवकर घडते. वायरचे टोक सोलताना एकही तार तुटू न देणे, बारीक तारांचे टोक पिळून दुमडून मगच टर्मिनलमध्ये घालणे, आणि गीझर किंवा एसीसाठी फेज (वीज आणणारी वायर) व न्यूट्रल (परतीची वायर) दोन्ही एकत्र तोडणारा डबल पोल स्विच बसवणे, यात हयगय नको. वायरमन ज्याला ‘अडीच एमएम’ म्हणतात ते वायरच्या जाडीचे नव्हे, तर आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाचे माप आहे. दिव्यांना दीड, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच आणि मोठ्या गीझर किंवा एसीला चार, असा साधारण प्रघात आहे.

स्विच नेहमी फेजच्या वाटेवरच असला पाहिजे. तो चुकून न्यूट्रलवर बसला तरी दिवा बटणाने लागतो आणि विझतो, त्यामुळे चूक वर्षानुवर्षे लपून राहते. पण बटण बंद असतानाही होल्डरमध्ये २३० व्होल्ट हजर असतात आणि दिवा बदलणाऱ्याचा हात त्यांना लागू शकतो. बंद केलेला एलईडी दिवा मंद तेवत राहत असेल तर ही शक्यता आधी तपासून घ्यावी, जरी बटणातला छोटा निऑन इंडिकेटर किंवा शेजारून लांबवर गेलेली वायर यांच्यामुळेही तसे होत असले तरी.

दुमजली घरात जिन्याच्या दिव्यासाठी टू-वे स्विच लागतात. त्यांना तीन टर्मिनल असतात, आणि दोन्ही स्विच दोन वायरींनी असे जोडलेले असतात की कोणतेही एक बटण पालटले की दिव्याची स्थिती पालटते. इथे वायर वाचवण्यासाठी फेज खालच्या मजल्याच्या सर्किटमधून आणि न्यूट्रल वरच्या मजल्याच्या सर्किटमधून घेण्याचा मोह होतो. दोन मजल्यांना वेगवेगळे आरसीसीबी (गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत फरक पडला की पुरवठा तोडणारी यंत्रे) असतील तर खालच्या यंत्रातून गेलेला प्रवाह परत येताना वरच्या यंत्रातून येतो, दोघांनाही तो गळती वाटतो, आणि तो फरक ३० मिलिअँपिअरच्या मर्यादेपलीकडे गेला की जिन्याचा दिवा लावताच मजला अंधारात जातो. मग कंटाळून कोणीतरी आरसीसीबीच काढून टाकतो, आणि शॉकपासून माणसाला वाचवणारे उपकरण घरातून नाहीसे होते. फेज आणि न्यूट्रल एकाच सर्किटचे असावेत, हे वायरमनला काम सुरू होण्याआधीच सांगावे. त्याच वेळी प्रत्येक स्विचच्या डब्यापर्यंत न्यूट्रलची वायरही आणून ठेवायला सांगावी, कारण पुढे स्मार्ट स्विच बसवायचा झाला तर बहुतेक प्रकारांना ती लागते आणि प्लास्टर झाल्यानंतर ती ओढणे फार जिकिरीचे ठरते.